नेत्राम्मा म्हणली, राजू जिवंत हाय

१८ जाने., रविवार, अमावस्या
आज सुरेखाला बघायला पाव्हणे येऊन गेले. बघायला म्हणजे काय, सुरेखा माझी सून, चाळिशीला टेकली, तिची लेक कॉलेजात शिकायली. तिला काय बघायचं? पण आले. नवरदेव शिवाप्पा, आळंद तालुक्यातला. पिठाची गिरणी हाय, बायको वारलेली. अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आला बिचारा, पण कानाच्या पाळीला पीठ तसंच. मला लई हसू आलं. पदरात तोंड घालून हसले. चहा पिऊन झाला तर कप उचलून आपल्या हातानं मोरीत नेऊन ठेवला. आमच्या घरात असलं करणारा गडी मी पहिल्यांदा बघितला. मला आवडला.
सुरेखा खाली बघून बसलेली. पुढं नुसतं सु. लिहीन, माझी अक्षरं मोठी, ओळ पुरत न्हाई. दुसरी पास हाय मी, आमच्या मंठाळच्या मराठी शाळेत, गाव कर्नाटकात असलं तरी. नात म्हणती, आज्जे रोज चार ओळी लिहीत जा, डोकं शाबूत ऱ्हातंय. चार ओळीत माझं काय भागतंय.
पाट, म्हणजे बाईचं दुसरं लग्न, लावायचा तर शिमग्याच्या आत लावू म्हणले. त्याची आई अंथरुणाला खिळलीय, तिच्या डोळ्यादेखत व्हावं म्हणून.
सु.चा नवरा म्हणजे माझा एकुलता लेक. बोर मारायच्या गाडीवर कामाला लागला, तेलंगणात गेला. मालक म्हणतोय मधीच उतरला. फोन बंद. तवा नात आठवीत होती.
त्याचं नाव मी हितं पण लिहिणार न्हाई. आमच्यात मेंढरं घेऊन लांब गेलेल्या माणसाचं नाव घरच्या बायका घेत न्हाईत, तो उंबऱ्याच्या आत येईस्तोवर. परमुलुखात तर न्हाईच न्हाई. कोण ऐकतंय, काय त्याच्या मागं लागतंय, कुणाला ठावं. कुणी विचारलं तर दुसरंच नाव सांगायचं. मेंढरं कवाच विकली, रीत ऱ्हायली. आम्ही 'बाहेरचा' म्हणतो.

२१ जाने., बुधवार
कल्लप्पाअण्णा आला होता. आमच्या पंचातला मोठा. दात न्हाईत, बोलणं मात्र टोचणारं.
म्हणला, वैनी, सोयरीक चांगली हाय. पण सुनंला मोकळी करायची तर रीत ठावं हाय ना? बेपत्त्या माणसाच्या आईनं बिरदेवापुढं उभं ऱ्हायाचं, पोराचं नाव घ्यायचं आन् म्हणायचं, गेला.
मी म्हणले, आन् असंल कुठं तर?
तर तू देवापुढं खोटं बोललीस.
असंल-नसंल असं म्हणले तर?
चालत न्हाई. गेला म्हण, न्हाईतर हाय म्हण.
येत्या अमावस्येला पंच बसणार.
इतकी वर्षं ज्याचं नाव जपलं ते पहिल्यांदा तोंडातनं काढायचं, ते मेला म्हणायला. जेवण गेलं न्हाई असं खोटं कामून लिहू, दोन भाकरी खाल्ल्या. चव कळली न्हाई.
सु.ला विचारलं, तुझ्या मनात काय हाय? म्हणली, आत्याबाई, तुम्ही म्हणाल तसं. मी म्हणले, माझं सोड. तवा पाठ फिरवून म्हणली, मला कुणीतरी जेवलीस का म्हणून विचारावं वाटतंय.
मी रोज विचारते की. पण ते वेगळं. कळतंय मला.

२५ जाने., रविवार
भाग्या आली! माझी नात. कडगंचीला युनिव्हर्सिटीत हाय, होस्टेलात. आली की घरात दिवाळी. केस कापून घेतलेत. मी आधी ओरडले, मग मागनं जाऊन हात फिरवला. मऊ लागतात.
आल्या आल्या म्हणली, आईचं लग्न मी लावणार, अक्षता मी वाटणार.
म्हणले, माय, पाटाला कसल्या अक्षता, कसली वाजंत्री. अंधार पडल्यावर चार माणसांत लावतात.
म्हणली, मग आपण उजेडात लावू.
दुपारी फोनवर एक बाई दाखवली, हसायला म्हणून. नेत्राम्मा. डोळे मिटून बसती आन् समोर बसलेल्या अनोळखी माणसाचं नाव सांगती, त्याचं काय हरवलंय, कुठं हाय. लोक रडायलेत, पाया पडायलेत. लाखानं माणसं बघतात म्हणं. पुढारी पण येतात, सिनेमातली पण.
भाग्या म्हणली, आज्जे, कानात यंत्र असतंय. तिची माणसं आधीच रांगेत फिरून सगळं काढून घेतात.
मी म्हणले, तुझ्या आज्याच्या अंगात बिरदेव यायचा. दर जत्रंला भाकणूक सांगायचा, पाऊस कवा, रोग कुठला. त्याच्या कानात कुठलं यंत्र होतं? पटक्यात एकदा मुंगळा निघाला तेवढाच.
पोट धरून हसली.
पण जेवण झाल्यावर बघितलं, गोठ्याकडं एकटी बसून तीच बाई परत बघायली. आवाज बारीक करून.
सांजच्याला आपणच म्हणली, पुनवंला ती गाणगापूरला यायली. जायचं का? नुसतं बघायला.
नुसतं बघायला. तिचा बाप हाय तो.

३१ जाने., शनिवार, गाणगापूर
तिघी आलाव. मला खिडकी मिळाली! संगमावर अंघोळ केली, पाणी गार पण आंग हलकं झालं. देवळात दर्शन बरं झालं. सगळीकडं महाराष्ट्रातली माणसं, दुकानदार मराठी बोलतोय, भाव मात्र कानडीत आपसात ठरवतोय, त्याला वाटतंय म्हातारीला कळत न्हाई. मी कानडीतच झापला. खुश झाला, उलट एक पेढा जास्तीचा दिला.
नेत्राम्माचा मांडव गावाबाहेर रानात, देवळाशी त्याचा संबंध न्हाई. उद्या हाय.
लॉजच्या अंगणातल्या नळावर एक बाई भेटली. सोलापूरकडची म्हणली. काय गोड बोलणं. मावशी मावशी करून माझी कळशी तिनंच भरली, गुडघ्याला तेल चोळून दिलं. तुमचं कोण हरवलंय मावशी? मला काय, विचारणारं भेटलं की झालं. बोरची गाडी, तेलंगण, सून, गिरणीवाला, सगळं सांगितलं. मग म्हणली, नाव काय लेकाचं?
परमुलुखात नाव कसं घेऊ? तोंडाला आलं ते सांगितलं, राजू.
राजू आमचं कुत्रं. मेंढरावरचं. लई इमानी. कारखान्याच्या ट्रॅक्टरखाली गेलं, बरीच वर्षं झाली.
काही खूण? म्हणली. मी आपली रंगात आलेली, म्हणले उजवा पाय ओढत चालतंय. सु.नं मागनं चिमटा काढला.
खोलीत येऊन दोघी इतक्या हसलो, भाग्या विचारायली काय झालं काय झालं, तिला सांगता सांगता परत हसू. सु.ला असं हसताना कवा बघितलं होतं आठवत न्हाई.

१ फेब्रु., रविवार, पुनव
अक्षर कसं पण येतंय आज.
मांडवात माणसावर माणूस. नेत्राम्मा आली, पांढरं लुगडं, केस मोकळे कानावरनं. वय सु.एवढंच. डोळे मिटले. एकेकाला उठवायली. लोक ओरडायलेत, व्हय आई, खरंय आई. एक म्हातारा कोसळलाच.
मग म्हणली, राजू. राजूची आई कोण हाय?
मला कळलंच न्हाई आधी. भाग्यानं ढकललं. उभी ऱ्हायले.
मला दिसायलाय. उजवा पाय ओढत चालायलाय. पाण्याकाठी हाय, लोखंडाचा आवाज यायलाय. रडू नको अव्वा. राजू जिवंत हाय. शिवरात्रीच्या आत तुझ्या दारात येऊन पाणी मागंल.
टाळ्या. सु.कडं बघितलं. पदर तोंडावर, खांदे हलायलेत. मला वाटलं हसायली. कालच्यासारखी.
हसत नव्हती.

आजचंच. न्हाई लिहिलं तर झोप लागायची न्हाई.
मांडवाच्या मागं बायकांसाठी आडोसा केलेला. तिकडं गेले तर ती कनातीच्या आत दिसली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय गरम पाण्याच्या बादलीत. पाय सुजलेले, माझ्यासारखेच. मला कुणी आडवलं न्हाई, म्हातारीला कोण आडवतंय. जाऊन म्हणले, बाय, राजू आमचं कुत्रं होतं.
रागवंल वाटलं. न्हाई. बादलीतनं पाय बाहेर काढले.
कुत्रं?
व्हय.
मेलं?
कवाच.
मग हळूच म्हणली, मला आवाज येतोय अव्वा. परकर घालत होते तवापासनं येतोय. आधी एकच यायचा. आता लई येतात. त्या पहिल्याचा कुठला आन् ह्या कानातल्या लोकांचा कुठला, मला वळखू येईना झालाय.
तेवढ्यात एक बाई तिचा चहा घेऊन आत आली. कालची नळावरची. मला बघितलं आन् तेच गोड, मावशी, चला, पुढं चला, हितं थांबायचं न्हाई.
नेत्राम्मा चहाकडं बघत बसली. घेतला न्हाई हातात.

३ फेब्रु., मंगळवार, मंठाळ
घरी आलाव. सु.ला सगळं सांगितलं. नळावरची बाई, कनात, चहा. म्हणले, अगं तुझ्यादेखत मी कुत्र्याचं नाव सांगितलं. माझ्याच तोंडचं तिनं मला परत दिलं.
सु. भांडी घासत होती. तोंडावर एवढं तेज, लग्न होऊन आली तवा होतं तसं. म्हणली, आत्याबाई, रीत तुम्हीच शिकवली मला. बाहेरच्याचं नाव परमुलुखात घ्यायचं न्हाई. तिनं तरी कसं घ्यावं, भरल्या मांडवात? ज्ञानी हाय म्हणून तर खरं नाव झाकलं. दुसरी कुणी असती तर घेऊन मोकळी झाली असती.
रीत माझीच.
म्हणले, आन् अधू पाय?
काय सांगावं, लागलं असंल काय तरी. बोरवर लोखंड पडतंय पायावर.
म्हणले, तिचं तिलाच कळेना झालंय म्हणली.
पण आवाज येतोय म्हणली का न्हाई?
भाग्या दारात उभी राहून ऐकायली. यंत्र, रांगेतली माणसं, हे सगळं तिनंच मला शिकवलं. तिला म्हणले, तू सांग आईला. बॅग उचलली आन् म्हणली, माझी बस हाय आज्जे.

७ फेब्रु., शनिवार
सु.नं शिवाप्पाला फोन करून न्हाई म्हणून सांगितलं. आमचे हे जिवंत हाईत, म्हणली. 'आमचे हे' म्हणताना लाजली. मला बघवेना.
दारात नवा माठ मांडलाय. वर तांब्या, घासून लख्ख. शिवरात्रीच्या आत पाणी मागणार ना. दर बसला बाहेर येऊन उभी ऱ्हाती. शेजारणी आधी विचारायच्या, आता विचारत न्हाईत, आपसात बघतात. एकीनं तर जाता जाता टोमणा मारला, काय सुरेखाक्का, पाणपोई घातली का? सु. म्हणली, व्हय, तुला पाजू? बोलणं तिखट, पण आत येऊन पिठात पाणी जास्तीचं ओतलं.
शिवाप्पाचा मला फोन. म्हणला, आज्जी, मी काय बोलू. ते खरंच येणार असतील तर चांगलंच हाय. न्हाई आले तर मी हाय. मागनं गिरणीचा आवाज. म्हणले, जेवलास का? म्हणला, न्हाई अजून.

१० फेब्रु., मंगळवार
आज ह्यांची आठवण. भाग्याच्या आज्याची.
अंगात यायचं तवा डोळे उलटे व्हायचे, आवाज घोगरा. खोटं करत नव्हते. मी बायको, मला कळलं नसतं? घरी आले की पाणी पिऊन मलाच विचारायचे, काय म्हणलो गं मी? मी सांगायची. बरं, म्हणायचे, आन् झोपायचे. पाऊस सांगितला तर कवा पडायचा, कवा न्हाई. पडला की लोक बोलायचे, न्हाई पडला की इसरायचे.
एका वर्षी एका लेकुरवाळीला सांगितलं, तुझं लेकरू जगंल. न्हाई जगलं. पुढच्या जत्रंला हे म्हणले, मी जाणार न्हाई. खाटंवर पडून ऱ्हायले. गाव आलं, ढोल घेऊन दारात. उठा अप्पा, भाकणूक पायजे. हातानं ओढून नेलं. आन् त्यात सगळ्यात पुढं ती लेकरू गेलेलीच बाई होती. परत विचारायला.
मग खोटं कोण? ते? ढोलवाले? ती बाई?
नेत्राम्माच्या नळावरच्या बाईला मी लबाड म्हणते. ती हायच लबाड. नेत्राम्माला काय म्हणू कळेना. आन् एक गोष्ट डोक्यातनं जाईना. बाई लबाडीनं बोलली, म्हणून माझं लेकरू मेलंच असं कुठं हुतंय? लबाडानं आज सूर्य उगवला म्हणलं तर काय रात्र व्हती? ती खोटी ठरली तरी माझ्या हातात काहीच येईना. गेले होते तशीच आले, रिकामी.
गुडघा लई दुखतोय. तेल मात्र चांगलं होतं तिचं.

१५ फेब्रु., रविवार, शिवरात्र
लिहू वाटेना. लिहिते.
सु.चा निर्जळी उपास. सकाळपासनं दारात. उन्हं चढली तवा उसाची ट्रक थांबली, डायवर उतरला. काळा, वाळलेला, दाढी वाढलेली, डोक्याला टॉवेल. दारात येऊन म्हणला, माय, पाणी मिळंल का?
सु. उठली. तांब्या भरला. घाईत अर्धं पाणी अंगणात. त्यानं घटाघटा प्यालं. सु. त्याच्या तोंडाकडं बघायली, नाकाकडं, कानाकडं, असं बघायली जसं आपण कापड उलटंपालटं करून बघतो. तो घाबरला. काय झालं माय?
पाय बघू, म्हणली.
आं?
उजवा पाय. चालून दाखवा.
बाप्पा रे. त्यानं खरंच दोन पावलं टाकली. नीट चालत होता. वयानं भाग्याहून चार-दोन वर्षं मोठा, बस. सु.नं त्याचं मनगट धरलं. तुम्हाला कुणी पाठवलं का? निरोप हाय का काय? पाण्याकाठी कुणी भेटलं का?
तो म्हणायला, न्हाई वो अक्का, मी जहीराबादकडचा, कारखान्याला चाललोय, सोडा. मी मधी पडले, बोटं सोडवली एकेक. ट्रक सुरू करून गेला. तांब्या घेऊनच गेला, हातातच ऱ्हायला त्याच्या. मला ह्या असल्या वेळी पण ते दिसलं, बघा.
सु. उंबऱ्यावर बसली. रडली न्हाई. मी म्हणले, आत चल. म्हणली, शिवरात्र अजून संपली न्हाई आत्याबाई.
दिवस मावळला तरी तिथंच.

१६ फेब्रु., सोमवार
माठ आत आणला. सु.नं. उपास सोडायला भात केला, मलाच वाढला.
मी म्हणले, जेवलीस का?
म्हणली, न्हाई.
कल्लप्पाअण्णा येऊन गेला. उद्या अमावस्या, पंच बसणार. शिवाप्पाला पण निरोप दिलाय, यायलाय. सु.ला विचारलं, बोलावू का नको? हो म्हणली न्हाई, नको म्हणली न्हाई.
भाग्याचा फोन. येते म्हणली. मग म्हणली, आज्जे, तू उद्या काय म्हणणार ते मला आधी सांगू नको. मी देवळाच्या बाहेर उभी ऱ्हाईन. आवाज चढला तर मला ऐकू येईल, म्हणून हळू बोल.
एवढी शिकलेली माझी पोर.
मी तिला म्हणले, केस वाढले का? म्हणली, थोडे.

१७ फेब्रु., मंगळवार, अमावस्या
सगळे जमलेत. बिरदेवाच्या देवळापुढं सतरंजी टाकलीय म्हणं. शिवाप्पा आलाय, आईला शेजारणीकडं ठेवून. भाग्या आली, तोंड धुतलं, बाहेर जाऊन उभी ऱ्हायली.
सकाळी कल्लप्पाअण्णाला मी म्हणले, अण्णा, एक सांगू? मी देवापुढं म्हणते, मला ठावं न्हाई. गेला का हाय मला ठावं न्हाई, देवा. पण पोरगी माझी झुरायली, तिला मोकळी कर. एवढंच खरं हाय माझ्याजवळ.
अण्णा म्हणला, वैनी, ठावं न्हाई हे ऐकायला पंच कशाला बसवायचे? देवाला काय म्हणून सांगायचं मग?
म्हणले, ज्याला त्याला सगळं ठावं हाय, अण्णा. नेत्राम्माला ठावं, तुम्हाला ठावं, आमच्या ह्यांना ठावं होतं. एकीनं तरी ठावं न्हाई म्हणावं की.
डोकं खाजवलं. बघू, म्हणला, बाकीचे काय म्हणतात. मान्य करतील असं वाटत न्हाई मला.
आता पोरगं बोलवायला येऊन गेलं. लुगडं बदललं मी, नवं. कुणी म्हणंल म्हातारीला आनंद झालाय.
सु. चुलीपुढं बसलीय. विस्तव कवाच विझलाय. मंगळसूत्र गळ्यात हाय, पदराखाली मुठीत धरलंय. मी म्हणले, ऊठ माय, माणसं खोळंबलीत. म्हणली, आधी तुम्ही जाऊन बोला. तुम्ही काय म्हणता ते कळू दे, मग ठरवते मी उठायचं का बसायचं ते.
म्हणले, तू उठल्याबिगर माझ्या तोंडातनं शब्द निघायचा न्हाई.
दोघी बसलाव. भाग्या बाहेरनं हाक मारायली, आज्जे. आई.